उपकरणांतले छोटे स्विच: दुरुस्तीच्या काउंटरवर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमचं दुरुस्तीचं दुकान गिरगावात आहे. मिक्सर, इस्त्री, टेबल फॅन, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटरचा माउस, गणपतीच्या मखरातलं लायटिंग, जे घरात चालतं ते सगळं कधी ना कधी इथे येतं. पुष्कळदा मोटर ठणठणीत असते, कॉइल शाबूत असते आणि बोटाच्या पेराएवढा एक स्विच जळालेला असतो. स्वस्त वस्तू म्हणून त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. पण आपला हात आणि वीज यांच्यामध्ये बहुतेक वेळा तोच उभा असतो. त्याच्याबद्दल लोक जे विचारतात, त्याची उत्तरं इथे लिहून ठेवतो आहे. ती उपकरणाच्या अंगावरच्या आणि आतल्या स्विचबद्दल आहेत. भिंतीवरच्या बोर्डाचा विषय ओघात आला तेवढाच.

स्विचच्या आत नेमकं असतं तरी काय?

धातूचे दोन तुकडे, एक स्प्रिंग आणि बोटाने हलवायची दांडी किंवा पट्टी. धातू टेकले की वीज वाहते, दूर गेले की थांबते. हे टेकणारे तुकडे म्हणजे कॉन्टॅक्ट. आत पितळेची किंवा तांब्याच्या मिश्रधातूची पट्टी असते आणि तिच्या टोकाला चांदीच्या मिश्रधातूचा छोटा ठिपका बसवलेला असतो.

खरी करामत स्प्रिंगची आहे. कॉन्टॅक्ट हळूहळू दूर नेले तर मधल्या हवेतून वीज उडी मारत राहते, ठिणगी लांबते आणि धातू जळतो. म्हणून स्प्रिंग अशी बसवतात की तुम्ही बटण कितीही सावकाश दाबा, एका बिंदूपर्यंत आत काहीच हलत नाही आणि मग एकदम टक्कन कॉन्टॅक्ट पलटतो. जॉन हेन्री होम्स या इंग्रज अभियंत्याने १८८४ मध्ये न्यूकॅसलमध्ये असा झटक्याने तुटणारा स्विच बनवला. आजही आपण भिंतीवरचं बटण दाबतो तेव्हा तेच तत्त्व काम करतं. मराठीत याला पूर्वीपासून ‘खटका’ म्हणतात आणि मला तो शब्द स्विचपेक्षा जास्त अचूक वाटतो. ज्या स्विचचा खटका मऊ झाला, ‘टक्’ ऐकू येईनासं झालं, तो आतून जळायला लागला असं समजा.

दुकानात गेल्यावर कोणत्या नावाने मागायचा?

एक बाजू दाबली की दुसरी वर येते तो रॉकर. एक्स्टेन्शन बोर्ड, वॉटर प्युरिफायर, कॉफी मशीन यांवर हाच असतो. त्याच्यावरची उभी रेघ म्हणजे चालू आणि गोल म्हणजे बंद. छोटी धातूची दांडी वरखाली होणारा तो टॉगल. जुन्या ॲम्प्लिफायरवर आणि बॅटरी चार्जरवर दिसतो. सरकवायचा तो स्लाइड, टॉर्चवर आणि खेळण्यांत असतो. गोल फिरवायचा तो रोटरी, म्हणजे मिक्सरचा किंवा कूलरचा. टेबल फॅनवर एक बटण दाबलं की आधीचं वर येतं, त्या बटणांचा सगळा संच एकत्रच मिळतो. त्यातलं एकच बटण सहसा मिळत नाही.

पुश बटण मागताना मात्र एक गोष्ट आधी सांगा: दाबून सोडल्यावर चालू राहणारं हवं की हात काढला की बंद होणारं. पहिल्याला लॉकिंग म्हणतात, दुसऱ्याला मोमेंटरी किंवा बाजाराच्या भाषेत ‘बेल पुश’. दिसायला दोन्ही सारखी असतात. चुकीचं नेलं की परत चक्कर पडते.

सर्किट बोर्डवरचं एवढंसं काळं चौकोनी बटण म्हणजे टॅक्ट स्विच. टीव्हीच्या बाजूला, वॉशिंग मशीनच्या पॅनेलमागे, सेट-टॉप बॉक्समध्ये तेच असतं. आयसीसारख्या, म्हणजे चिपसारख्या, दिसणाऱ्या पट्टीवर बारीक बारीक खटके असतील तर तो डिप स्विच. रिमोटच्या गेटला किंवा अलार्मला कोड देण्यासाठी तो लागतो. पेनच्या टोकाने सरकवा, पेन्सिलने नको, शिशाची पूड वीज वाहून नेते.

एसपीएसटी, एसपीडीटी, डीपीडीटी हे काय प्रकरण आहे?

पहिली दोन अक्षरं सांगतात की एका वेळी किती स्वतंत्र तारा जोडल्या-तोडल्या जातात: एसपी म्हणजे एक, डीपी म्हणजे दोन. नंतरची दोन सांगतात की ती तार किती जागी जाऊ शकते: एसटी म्हणजे एक, डीटी म्हणजे दोन.

एसपीएसटीला दोन पाय असतात. साधं चालू-बंद. एसपीडीटीला तीन: मधला कॉमन, तो इकडे किंवा तिकडे. चाळीच्या जिन्यातला दिवा खालून लावून वर जाऊन बंद करता येतो, तो असे दोन स्विच जोडूनच. इलेक्ट्रिशियन त्याला टू-वे म्हणतात. डीपीडीटीला सहा पाय. त्यातल्या टोकाच्या पायांत तिरक्या वायर जोडल्या की बॅटरीवरची मोटर उलटसुलट फिरवता येते. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनातल्या निम्म्या गाड्या त्याच्यावर चालतात.

डीपीएसटी म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा, आणि त्याचं महत्त्व आहे. दोन पिनांचा प्लग आपण कसाही उलटा लावू शकतो. अशा वेळी उपकरणातला एकेरी स्विच फेज (जिवंत तार) तोडतोय की न्यूट्रल (परतीची तार), हे सांगता येत नाही. न्यूट्रल तुटलं तर यंत्र थांबतं, पण आत फेज तसाच जिवंत राहतो. बंद केलेल्या यंत्राला हात लावून झटका बसतो तो यामुळे. हीटर किंवा पाण्याशी संबंध असलेल्या यंत्रात दोन्ही तारा तोडणारा स्विच असेल तर तिथे स्वस्तातला एकेरी बसवू नका.

एनओ आणि एनसी यांत फरक काय?

एनओ म्हणजे हात न लावता उघडा, दाबला की जोडला जाणारा. एनसी म्हणजे हात न लावता जोडलेला, दाबला की तुटणारा. दारावरची बेल एनओ. कारखान्यातल्या यंत्रावरचं मोठं लाल आणीबाणीचं बटण एनसी. लोक विचारतात, थांबवायचं बटण उलटं का? कारण त्या बटणाकडे जाणारी वायर उंदराने कुरतडली किंवा टर्मिनल सैल झालं, तर एनसी असल्यामुळे यंत्र आपोआप थांबतं. तिथे एनओ लावलं असतं तर वायर तुटल्याचं कुणालाच कळलं नसतं आणि हात अडकल्यावर बटण दाबून काहीच झालं नसतं.

मायक्रोस्विचला मायक्रो का म्हणतात? तो इतक्या ठिकाणी का असतो?

आकारावरून नाव पडलं असावं असं वाटतं, पण खरं कारण हालचाल. अगदी थोड्या हालचालीवर, मिलिमीटरच्या अंशावर, तो पलटतो आणि दर वेळी जवळपास त्याच जागी पलटतो. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या फ्रीपोर्ट गावी बर्गेस बॅटरी कंपनीत काम करणाऱ्या मॅकगॉल यांनी तो बनवला. पुढे ‘मायक्रो स्विच’ हे कंपनीचं नाव झालं आणि १९५० मध्ये ती हनीवेलकडे गेली. आज आपण कोणत्याही कंपनीच्या अशा खटक्याला मायक्रोस्विचच म्हणतो.

त्याला तीन पाय असतात: कॉमन, एनओ, एनसी. वर एक बारीक बटण आणि बहुधा त्यावर पत्र्याची पट्टी. पट्टी लांब असेल तर कमी जोर लागतो पण जास्त सरकावी लागते. आखूड असेल तर उलट. पट्टीच्या टोकाला चाक असेल तर बाजूने सरकत येणाऱ्या वस्तूसाठी. बदलताना लोक फक्त अँपिअर बघतात आणि पट्टीची लांबी विसरतात. मग दार बंद होतं, पण पट्टी पोचत नाही.

माउसच्या डाव्या बटणाखाली तोच असतो. एकदा क्लिक केलं की दोनदा लागतं, ही तक्रार म्हणजे त्याची आतली पत्ती थकली. त्यावर १ कोटी, २ कोटी क्लिकचं आयुष्य दिलेलं असतं, तरी दिवसभर ऑफिसात वापरणाऱ्याचा तो कधी ना कधी जातोच. तीन डाग काढून नवा बसवता येतो. माउस फेकू नका.

आपल्या जुन्या इमारतींतल्या जाळीच्या दाराच्या लिफ्ट आठवा. दार पूर्ण लागलं नाही तर लिफ्ट हलत नाही, मग वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडतं, ‘दार लावा होऽ!’ प्रत्येक मजल्याच्या दाराला आणि आतल्या दाराला असाच एकेक खटका असतो आणि ते सगळे एका माळेत जोडलेले असतात. एक जरी उघडा राहिला तरी माळ तुटते आणि मोटरला वीज जात नाही. ही माळ अनेकांचे जीव सांभाळते. दाराच्या फटीत काडी किंवा पुठ्ठा खोचून लिफ्ट चालवण्याचा प्रकार दिसला तर सोसायटीच्या सेक्रेटरींना लगेच सांगा, लिफ्टवाला येईपर्यंत थांबू नका.

स्विचच्या अंगावर जे छापलेलं असतं ते कसं वाचायचं?

भिंग घ्या, कारण अक्षरं बारीक असतात. समजा ‘१६(४) ए २५० व्ही’ आणि पुढे नागमोडी रेघ, खाली ‘टी ८५’ आणि ‘५ई४’ असं आहे. नागमोडी रेघ म्हणजे एसी. २५० व्होल्ट ही वरची मर्यादा; आपल्याकडे घरात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ येतं, म्हणजे ठीक. कंसाबाहेरचे १६ अँपिअर हे हीटर, इस्त्री अशा तारेच्या कॉइलवर चालणाऱ्या लोडसाठी. कंसातले ४ अँपिअर मोटरसाठी. मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तो झटका धरूनच कंसातला आकडा लहान ठेवलेला असतो. टी ८५ म्हणजे आजूबाजूची हवा ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापली तरी चालेल. ५ई४ म्हणजे ५ च्या पुढे चार शून्यं, ५०,००० वेळा चालू-बंद.

ग्रीक ‘म्यू’ अक्षर छापलेलं असेल तर बंद असताना आतल्या कॉन्टॅक्टमधलं अंतर ३ मिलिमीटरपेक्षा कमी आहे. यंत्र थांबवायला तो पुरतो. पण त्याच्या भरवशावर आत हात घालू नका, प्लग काढा. उपकरणांतल्या स्विचसाठी आयईसी ६१०५८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि भिंतीवरच्या घरगुती स्विचसाठी आपलं आयएस ३८५४. ज्या स्विचवर काहीच छापलेलं नाही तो खेळण्यात वापरा, २३० व्होल्टवर नको.

माझा मिक्सर ७५० वॉटचा आहे. ६ अँपिअरचा साधा रॉकर लावून चालेल का?

हिशोब असा: ७५० ला २३० ने भागलं की सव्वातीन अँपिअर. कागदावर पुरतं. पण हे ६ अँपिअर बहुधा तारेच्या लोडचे असतात आणि मिक्सर म्हणजे मोटर. त्यातून ओलं खोबरं किंवा इडलीचं पीठ भरून भांडं गच्च केलं की करंट आणखी चढतो. रॉकरवर मोटरचा आकडा वेगळा दिलेला असेल आणि तो सव्वातीनपेक्षा बऱ्यापैकी वर असेल तरच विचार करावा.

शिवाय मिक्सरचा रोटरी स्विच नुसता चालू-बंद करत नाही. फील्ड कॉइलला मधून मधून फाटे काढलेले असतात आणि १, २, ३ वर फिरवताना स्विच त्यातला फाटा बदलतो. उलट बाजूला फिरवल्यावर हात सोडताच परत येणारी जागा असते, ती चटणी थांबत थांबत फिरवण्यासाठी. रॉकर लावला की हे सगळं जातं आणि मिक्सर एकदम पूर्ण वेगाने सुटतो, झाकण उडतं. मूळ जातीचा रोटरी मिळतो, तोच घ्या. वायर काढण्याआधी मोबाइलने फोटो काढून ठेवा, रंगांवर विसंबू नका.

एसीवर चालणारा १६ अँपिअरचा स्विच बॅटरीवर तर आरामात चालेल ना?

इथे भल्याभल्यांची फसगत होते. आपला ५० हर्ट्झचा एसी प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो. कॉन्टॅक्ट उघडताना ठिणगी पडली तरी पुढच्या शून्याला ती आपोआप विझते. डीसीमध्ये, म्हणजे बॅटरीच्या विजेत, शून्य येतच नाही. ठिणगी एकदा पेटली की कॉन्टॅक्ट बरेच लांब जाईपर्यंत जळत राहते. म्हणून जो स्विच २५० व्होल्ट एसीला चालतो, त्याच्या माहितीपत्रकात डीसीची मर्यादा अनेकदा ३० व्होल्टच्या आसपास दिलेली असते.

१२ व्होल्टची एलईडी पट्टी असेल तर चिंता नाही. पण ४८ व्होल्टची ई-बाइकची बॅटरी किंवा गच्चीवरचं सोलर पॅनेल घरातल्या रॉकरने तोडू नका. तिथे डीसीचा आकडा स्पष्ट छापलेलाच स्विच किंवा एमसीबी लागतो.

मुंबईकरांना डीसी परका नाही. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी तेव्हाच्या व्हीटीहून कुर्ल्याला पहिली विजेची गाडी गेली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि पुढची जवळपास नव्वद वर्षं आपल्या लोकल डीसीवरच धावल्या. आता त्या २५,००० व्होल्ट एसीवर चालतात. १५०० व्होल्टचा तो डीसी तोडण्यासाठी चुंबकाच्या जोराने ठिणगी एका खोक्यात फुंकून तिचे तुकडे करणारे ब्रेकर लागतात. आपल्या रॉकरमध्ये यातलं काहीच नसतं.

स्विच गरम होतो, प्लॅस्टिक पिवळं पडलंय. चालू ठेवू का?

नाही. आजच बंद करा.

कारण आकड्यात सांगतो. २००० वॉटचा हीटर पावणेनऊ अँपिअर घेतो. चांगल्या स्विचचा रोध ओहमच्या काही शतांश किंवा सहस्रांश इतका असतो, त्यामुळे उष्णता नगण्य. आता कॉन्टॅक्ट जळून किंवा स्क्रू सैल होऊन तो रोध अर्धा ओहम झाला असं धरा. करंटचा वर्ग गुणिले रोध: जवळपास ३८ वॉट. आमच्या बाकावरचा सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा आहे आणि तो कथील वितळवतो. म्हणजे तुमच्या स्विचच्या पोटात दीड सोल्डरिंग आयर्न तापत बसला आहे. तापला की स्प्रिंगची ताकद जाते, ताकद गेली की दाब कमी होतो, दाब कमी झाला की रोध आणखी वाढतो. तो आपोआप बरा होत नाही.

बऱ्याचदा दोष स्विचचा नसून जोडणीचा असतो. वायरचे निम्मे धागे बाहेर राहिलेले, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) नीट दाबलेलं नाही, क्लिप सैल. नवा स्विच बसवताना क्लिपही नवी घ्या. जुनी, निळी-काळी पडलेली क्लिप नव्या स्विचला महिनाभरात खाते.

मुंबईत स्विच लवकर का जातात?

दमट खारी हवा. समुद्राकडे तोंड असलेल्या घरांतून येणारी उपकरणं आम्ही उघडताच ओळखतो. स्टीलची स्प्रिंग गंजलेली, पितळेच्या पायांवर हिरवट थर. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकतं, त्यातलाच हा प्रकार. चांदीचे कॉन्टॅक्ट हवेतल्या गंधकामुळे काळे पडतात, आजीच्या पैंजणांसारखे.

मोठ्या करंटच्या स्विचमध्ये ठिणगी हा काळा थर थोडाफार जाळून टाकते. छोट्या सिग्नलच्या स्विचमध्ये ठिणगीच नसते, त्यामुळे थर तसाच राहतो आणि बटण दाबूनही काही होत नाही. म्हणून सिग्नलच्या चांगल्या स्विचला सोन्याचा मुलामा देतात. ‘मोठ्या अँपिअरचा लावला म्हणजे टिकेल’ हे इथे लागू पडत नाही. १६ अँपिअरचा चांदीचा कॉन्टॅक्ट माइकच्या किंवा सेन्सरच्या वायरवर लावला तर काही महिन्यांत खरखर सुरू होते.

उपाय: कॉन्टॅक्ट क्लीनर नावाचा फवारा मिळतो, तो मारून प्लग काढलेल्या अवस्थेत स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवा, पूर्ण सुकू द्या. खोबरेल, शिलाई मशीनचं तेल, स्वयंपाकाचं तेल अजिबात नको. तेलावर धूळ बसते आणि ठिणगीने ते जळून कोळसा होतं. बाल्कनीत, बाथरूममध्ये बसवायचा असेल तर निदान आयपी ६५ चा घ्या. त्यातला ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे पाण्याचा फवारा सोसतो.

मिक्सर चटणी वाटता वाटता अचानक गप्प झाला. जळला का?

बहुतेक वेळा नाही. मिक्सर उलटा करा. बुडाशी एक छोटं लाल बटण असतं. तो ओव्हरलोड स्विच. आत दोन धातूंची जोडपट्टी असते, जास्त करंटने तापून वाकते आणि वीज तोडते. आधी नॉब शून्यावर आणा, प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, भांड्यातला माल कमी करा, मग लाल बटण दाबा. नॉब ३ वर तसाच ठेवून बटण दाबलं तर पाती लगेच फिरतील. हे बटण माहीत नसल्यामुळे धडधाकट मिक्सर घेऊन लोक भर उन्हात आमच्याकडे येतात.

‘तो स्विच सारखा तोडतो, डायरेक्ट करून द्या ना.’ का करत नाही?

डायरेक्ट करणं म्हणजे स्विच काढून दोन वायर एकत्र पिळणं. मी एकदा केलं आहे, म्हणून सांगतो. धंद्यात नवा होतो. एक मावशी पापड-मसाल्याचा घरगुती उद्योग करायच्या. त्यांच्या मिक्सरचा ओव्हरलोड दिवसातून चार वेळा तोडायचा, ऑर्डर अडकली होती. ‘बाळा, एवढं काम करून दे’ म्हणाल्या आणि मी वायर जोडून दिली. त्या खूश झाल्या. चौथ्या दिवशी मोटरचं वाइंडिंग धुरासकट जळालं. खरं तर आतला बेअरिंग-बुश जाम होत होता आणि तो स्विच दिवसातून चार वेळा तेच सांगत होता. मोटरचे पैसे मी घेतले नाहीत, पण त्यांची ऑर्डर गेली ती गेलीच. त्यांचं तोंड मला अजून आठवतं.

सुरक्षेचा स्विच तोडत असेल तर का तोडतोय ते शोधायचं. वॉशिंग मशीनच्या झाकणाचा खटका डायरेक्ट केला तर स्पिनर जोरात फिरत असताना लहान मूल झाकण उघडून हात घालू शकतं. मायक्रोवेव्हच्या दाराला तर एकापेक्षा जास्त मायक्रोस्विच असतात, आणि त्यातला एक राखणदार: बाकीचे चिकटले असताना दार उघडलं तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. तिथे वायर जोडणं म्हणजे उघड्या दारातून लहरी बाहेर सोडणं. आतल्या कपॅसिटरवर हजारो व्होल्ट प्लग काढल्यावरही राहू शकतात. मायक्रोवेव्हचं कव्हर घरी उघडू नका.

राइस कुकरला भात झाला हे कसं कळतं?

मला हा स्विच फार आवडतो, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. बुडाखाली एक चुंबक आणि त्याला चिकटलेला खास मिश्रणाचा तुकडा असतो. पाणी आहे तोवर भांड्याचं बूड १०० अंशांच्या आसपास राहतं. तांदळाने पाणी शोषलं की तापमान वर सरकतं. शंभरीच्या थोडं पुढे गेलं की त्या तुकड्यातलं चुंबकत्व नाहीसं होतं, स्प्रिंग चुंबकाला खाली ओढते, टक् आवाज होतो आणि कुकर गरम ठेवण्यावर जातो. ना घड्याळ, ना चिप. भांड्याखाली भाताचं एक शीत अडकलं तरी बूड नीट टेकत नाही आणि हिशोब चुकतो. भात कच्चा राहिला की आधी तिथे पुसून बघा.

इलेक्ट्रिक किटलीत हे काम जोडपट्टी करते. वाफ मागच्या नळीतून तिच्यापर्यंत येते. झाकण उघडं ठेवलं की वाफ वरूनच जाते आणि किटली उकळतच राहते.

दिव्याचा लाल रॉकर लावला आणि चालू करताच फ्यूज उडाला. स्विच खराब होता?

जोडणी चुकली. दिव्याच्या रॉकरला तीन पाय असतात: दोन स्विचचे, तिसरा फक्त आतल्या दिव्याच्या न्यूट्रलसाठी, बहुधा वेगळ्या रंगाचा. न्यूट्रल चुकून स्विचच्या पायाला गेलं की बटण दाबताच फेज आणि न्यूट्रल थेट एकत्र येतात. मल्टिमीटर ‘बीप’वर ठेवून तपासा: चालू केल्यावर ज्या दोन पायांत बीप येतो ते स्विचचे. उरलेला तिसरा दिव्याचा, त्याच्यावर बीप येत नाही. रंगावर भरवसा नको, प्रत्येक वेळी तपासा.

प्रोजेक्टमध्ये बटण एकदा दाबलं तर मोजणी तीनने वाढते. कोड चुकलाय का?

इंजिनिअरिंगची मुलं हे हमखास विचारतात. कॉन्टॅक्ट टेकताना चेंडूसारखा काही मिलिसेकंद उसळतो. आपल्याला कळत नाही, पण मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे प्रोजेक्टमधल्या चिपला, ते वेगवेगळं दाबणं वाटतं. पहिलं दाबणं दिसल्यावर सुमारे २० मिलिसेकंद थांबून परत वाचा. आणि टॅक्ट स्विचचे चार पाय म्हणजे दोन जोड्या, आतून आधीच जोडलेल्या. समोरासमोरच्या कोनांतले, म्हणजे तिरके दोन पाय वापरा, कधी चुकणार नाही.

सोसायटीच्या टाकीसाठी फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगणारा खटका) थेट पंपाला जोडू का?

पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, खालच्या टाकीत भरतं, मग पंपाने वर चढवायचं. त्यामुळे दोन फ्लोट हवेत: वरची टाकी भरली की तोडणारा आणि खालची रिकामी झाली की तोडणारा, दोन्ही एका माळेत. खालचा नसेल तर पंप कोरडा फिरून सील जळतं. तरंगणाऱ्या फुग्याच्या आत गोळी आणि मायक्रोस्विच असतो, तो मोठ्या पंपाचा झटका सोसत नाही. कॉन्टॅक्टर म्हणजे कॉइलच्या चुंबकाने ओढला जाणारा मोठा स्विच. फ्लोटने त्याची कॉइल चालवा, पंप कॉन्टॅक्टरने. जुन्या टाकीत पाऱ्याचा फ्लोट सापडला तर फोडू नका, पिण्याच्या पाण्यातून ताबडतोब काढा. पारा विषारी आहे.

स्विच घरी कसा तपासायचा?

प्लग काढा. स्विचची निदान एक वायर सोडवा, नाहीतर मीटर दुसऱ्याच वाटेचा बीप देईल. बीप आला म्हणजे स्विच चांगला, असं लगेच मानू नका. मीटरचा करंट इतका कमी असतो की जळका कॉन्टॅक्टही त्याला पास करतो. ओहमवर ठेवा, आधी मीटरच्या दोन काड्या एकमेकींना टेकवून आकडा बघा, मग स्विचवर. दोन्हींत लक्षात येण्याजोगा फरक असेल, किंवा चार-पाच वेळा चालू-बंद केल्यावर दर वेळी वेगळा आकडा येत असेल, तर स्विच बदला.

मुंबईत कुठे मिळतील आणि जाताना काय न्यायचं?

टॅक्ट, मायक्रो, डिप, टॉगल, रीड (चुंबक जवळ आला की पलटणारा) यांसाठी लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत. जास्त अँपिअरचे रॉकर, रोटरी, कॉन्टॅक्टर, फ्लोट यांसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळची लोहार चाळ. यंत्रांवरचे लिमिट स्विच, म्हणजे सरकता भाग ठरलेल्या जागी पोचला की दाबले जाणारे, नागदेवीच्या बाजूला. रविवारी जाऊ नका, बहुतेक गाळे बंद असतात.

जुना स्विच सोबत न्याच, जळका असला तरी. तो नसेल तर पॅनेलवरच्या भोकाची लांबी-रुंदी व्हर्नियरने मोजा. लहान रॉकरचं भोक साधारण १९ गुणिले १३ मिलिमीटर असतं, पण अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी स्विच बसत नाही किंवा दाबताना आत पडतो. पायांची संख्या, लोडचे वॉट, एसी की डीसी हे कागदावर लिहून न्या. आणि एकाऐवजी दोन घ्या. त्याच मापाचा स्विच पुढच्या वेळी मिळेलच असं नाही.